पहिली रायफल घेताना: पुण्यातल्या मुली आणि महिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पुण्यात मुलींना आणि बायकांना रायफल नेमबाजी शिकवते आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा, असे वर्षातून दोनदा फोन वाढतात. विचारणाऱ्या बदलतात, प्रश्न मात्र फारसे बदलत नाहीत. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच पैसे वाया जातात किंवा मान-पाठ दुखावते.

बायकांसाठी वेगळी रायफल असते का?

दहा मीटर एअर रायफलच्या, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलच्या, स्पर्धेत पुरुषांना आणि महिलांना एकच नियम आहे. कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, ४.५ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त साडेपाच किलो. २०१८ पासून शॉट्सही दोघांना सारखेच म्हणजे ६० झाले. त्याआधी महिलांना ४० असत. त्यामुळे ‘लेडीज रायफल’ असा वेगळा प्रकार शोधू नका.

रायफल आपल्या अंगाला बसते की नाही, हे मात्र नक्की शोधा. दुकानातून जशी येते तशी रायफल बहुतेक वेळा उंच, लांब हातांच्या माणसाच्या मापावर लावलेली असते. पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीने ती तशीच उचलली, तर ती मान पुढे ताणते, खांदा वर चढवते आणि पाठ वाकवते. तिला वाटतं आपल्याला जमत नाही. खरं तर अर्ध्या तासाच्या फिटिंगचा प्रश्न असतो. ब्लाउज शिवताना आपण माप देतो, घातल्यावर काखेत ओढलं तर परत टाकायला लावतो. रायफलच्या बाबतीत तेवढाच हट्ट धरायचा.

माझ्या हातात ताकद नाही. साडेचार किलोची रायफल तासभर कशी धरणार?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाई विचारते, म्हणून नीट सांगते. रायफल हातांनी धरायचीच नसते, ती हाडांवर ठेवायची असते. उजव्या हाताची नेमबाज उभी राहते तेव्हा तिचा डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकतो. रायफलचं वजन तळव्यातून, मनगटातून, हाताच्या हाडातून कमरेत उतरतं आणि तिथून पायांतून जमिनीत जातं. दंडाचा स्नायू जवळजवळ सैलच असतो.

आता कडेवर मूल घेऊन उभी असलेली बाई डोळ्यांसमोर आणा. ती कंबर किंचित बाजूला काढते, मुलाचं वजन हाडावर घेते आणि त्याच अवस्थेत शेजारणीशी अर्धा तास बोलते. एअर रायफलची उभी पोझिशन याच कुळातली आहे. बायकांचं कटिहाड रुंद असतं, त्यामुळे कोपर कमरेवर सहज टेकतो. बऱ्याच पुरुषांना त्यासाठी पाठ बरीच मागे वाकवावी लागते. म्हणजे जिथे आपण स्वतःला कमी समजतो, तिथे शरीर आपल्या बाजूने असतं.

सगळ्यांचा कोपर कमरेला पोचतोच असं नाही. धड लांब असेल तर पोचत नाही. मग कोपर खाली दाबायचा नाही, कंबरही फार काढायची नाही. डाव्या तळव्याखालचा ठोकळा वाढवायचा. तो ठोकळा खाली-वर होत नसेल, तर ती रायफल तुमच्यासाठी नाही.

रायफल अंगाला बसते आहे हे दुकानात किंवा रेंजवर कसं ओळखायचं?

नेमबाजीचं जाड जॅकेट घालूनच बघा. जॅकेटशिवाय घेतलेलं माप खोटं ठरतं, कारण जाड कॅनव्हासमुळे खांदा पुढे येतो.

पोझिशन घ्या, रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे मिटा. दोन-तीन श्वास घ्या, अंग सैल सोडा, मग डोळे उघडा. मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या चकतीच्या, भोकातून नळीच्या टोकावरची पुढची रिंग मधोमध दिसली, तर गालाचा आधार बरोबर उंचीवर आहे. डोकं तिरकं करावं लागलं, किंवा गाल उचलल्यावरच दिसलं, तर तो आधार, म्हणजे चीक पीस, हलवा. डोकं सरळ राहणं ही चैनीची गोष्ट नाही. मान वाकडी राहिली की तोल बिघडतो आणि डोळा भुवईखालून बघायला लागतो.

मग लांबी. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ मागे ओढता आलं पाहिजे आणि मनगट वाकडं होता कामा नये. बट, म्हणजे खांद्याकडचा मागचा भाग, फार लांब असेल तर हात ताणला जातो आणि बोट ट्रिगरला टोकाने शिवतं. फार आखूड असेल तर नाक मागच्या साइटवर आदळायला येतं. चांगल्या रायफलीत ट्रिगरची पातीही पुढे-मागे सरकते. लहान तळव्याच्या मुलींनी हे पहिल्यांदा तपासावं, कारण ग्रिप जाड असेल तर बाकी सगळं जुळवूनही बोट पोचत नाही. लहान मापाची लाकडी ग्रिप वेगळी मिळते.

बट प्लेटचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या पट्टीचा, वरचा-खालचा आकडा खांद्याच्या आत, छातीच्या बाजूला बसवायची सवय काहींना लागते. भरलेल्या छातीच्या बायकांना ती जागा टोचते आणि रायफल दर शॉटला वेगळी बसते. बट प्लेट थोडी बाहेर आणि थोडी खाली घेतली तर हा त्रास बहुधा जातो. मैत्रिणी हे पुरुष प्रशिक्षकांना सांगायला संकोचतात आणि महिनोन्‌महिने टोचणी सोसतात. सांगा. प्रशिक्षकाला बट प्लेट हलवायला दोन मिनिटं लागतात.

शेवटची परीक्षा वेळेची आहे. स्पर्धेत १५ मिनिटं सायटिंग, म्हणजे न मोजले जाणारे सरावाचे शॉट्स, आणि मग ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात. पाच मिनिटं छान वाटलेली रायफल पन्नासाव्या मिनिटाला पाठीत कळ आणू शकते. म्हणून विकत घेण्याआधी त्याच प्रकारच्या रायफलवर किमान एकदा पूर्ण ६० शॉट्स मारून बघा.

पहिल्याच महिन्यात रायफल घ्यावी का?

नाही. तीन-चार महिने क्लबच्या रायफलीवर मारा. तोवर तुमची पोझिशन ठरलेली नसते, आणि न ठरलेल्या पोझिशनला रायफल बसवणं म्हणजे वाढत्या मुलाला नेमक्या मापाचे बूट घेणं. त्या काळात जॅकेट, बूट आणि हातमोजा स्वतःचा घ्या. दुसऱ्याच्या अंगाचं जॅकेट घालून पोझिशन घडत नाही.

माझी स्वतःची पहिली रायफल नात्यातल्या एका पुरुष नेमबाजाने वापरून झालेली होती. घरच्यांना वाटलं, चांगली आहे, वाया कशाला घालवायची. बट सर्वांत आखूड करूनही मला दोन बोटं लांब पडत होती. मी दीड वर्ष मान पुढे काढून मारत राहिले आणि मानेचं दुखणं घेऊन बसले. स्कोअर एका जागी अडकला तो अडकलाच. नंतर क्लबच्या आखूड बटाच्या रायफलीवर पहिल्याच आठवड्यात फरक दिसला. म्हणून घरातली, भावाची, नवऱ्याची रायफल मिळत असेल तर जरूर वापरून बघा, पण ती तुमच्या मापाला येत नसेल तर नाही म्हणा. पैसे वाचवायला घेतलेली ती रायफल सर्वांत महाग पडते.

परवाना लागतो का?

४.५ मिलिमीटर कॅलिबर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेची दहा मीटर एअर रायफल साधारण साडेसात ज्यूलची असते, म्हणजे मर्यादेच्या खूप आत. तरी बिल आणि क्लबचं ओळखपत्र रायफलच्या पेटीतच ठेवा. प्रवासात कोणी विचारलं तर पाच मिनिटांत मोकळ्या होता.

पॉइंट टू टूला, म्हणजे .२२ इंच कॅलिबरच्या, काडतुसावर चालणाऱ्या रायफलला परवाना लागतोच. पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय २१ पूर्ण हवं आणि शस्त्र हाताळणीचं सुरक्षा प्रशिक्षण झालेलं हवं. त्याहून लहान मुली बारा वर्षं पूर्ण झाल्यावर प्रशिक्षणापुरतं, देखरेखीखाली .२२ वापरू शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे.

मला नेमबाजी नको, शिकारीची रायफल हवी आहे. कोणती घेऊ?

भारतात शिकारीसाठी रायफल घेता येत नाही, कारण शिकारच करता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्यातल्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे. आजोबांच्या भिंतीवर सांबराची शिंगं असतात, त्यांच्या गोष्टी ऐकून हा प्रश्न येतो, हे मला कळतं. त्या गोष्टींतलं जे आपल्याला ओढतं, म्हणजे श्वास रोखून वाट पाहणं आणि एका क्षणावर सगळं एकवटणं, ते सगळं दहा मीटरवर मिळतं. काळवीट बघायचं तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीला जा, चिंकारा बघायची तर बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात. पुण्याहून दोन्हीकडे एका दिवसात जाऊन येता येतं.

आमचं शेत जुन्नर तालुक्यात आहे. बिबट्या उसात येतो. मी घरी एकटी असते. रायफल मिळेल का?

ताई, तुमची भीती खरी आहे. पण बिबट्यासाठी रायफल हा उपाय नाही. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंधारात, उसात, घाबरलेल्या हातांनी झाडलेली गोळी बहुधा जनावराला नुसतं जखमी करते. जखमी बिबट्या गावासाठी कितीतरी जास्त धोक्याचा. वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक फोनमध्ये ठेवा. पिंजरा लावणं, पकडणं हे त्यांचं काम आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहेच. गोठा बंदिस्त करा, अंगणात दिवा ठेवा, संध्याकाळी मुलांना एकटं बाहेर सोडू नका, उसात वाकून काम करताना बरोबर कोणी असू द्या.

रानडुकरांनी पीक खाल्लं तर कायद्याच्या कलम ११ खाली वनविभागाच्या परवानगीची वाट आहे. ती वनविभागामार्फतच जाते, स्वतःहून बंदूक घेऊन निघायचं नसतं.

बहीण लग्न होऊन अमेरिकेत गेली. नवऱ्याकडचे लोक हरणाच्या शिकारीला जातात, तिलाही बोलावतात. तिने कोणती रायफल घ्यावी?

अलीकडे हा प्रश्न वारंवार येतो, कोथरूड-बाणेरमधून तर फारच. तिथे शिकार कायदेशीर आहे, म्हणून तिथल्या नियमांप्रमाणेच सांगते.

सगळ्यात आधी व्हिसा. एच-४, एच-१बी अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. तेव्हा परवाना आधी, बंदुकीला हात नंतर, आणि शंका असेल तर तिथल्या वकिलाला विचारून. ‘आमच्याकडे सगळेच वापरतात’ या वाक्यावर विसंबू नये. दुसरं, शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हे प्रमाणपत्र लागतं. इतर राज्यांत तपशील वेगळे आहेत.

आता रायफल. मोठ्या जनावरासाठी पहिली रायफल घेणाऱ्या बाईचा सगळ्यात मोठा शत्रू धक्का असतो. पहिल्या दिवशी .३०-०६ सारख्या दणकट कॅलिबरची हलकी रायफल हातात देतात, खांदा काळानिळा होतो, आणि मग ट्रिगर ओढण्याआधीच डोळे मिटायची सवय लागते. ती सवय मोडायला वर्षं जातात. धक्का काडतुसावर जितका अवलंबून असतो, तितकाच रायफलच्या वजनावर. हलकी रायफल खांद्यावर वाहायला बरी, झाडायला वाईट.

हरणासाठी .२४३ विंचेस्टर सौम्य आहे, त्याचा धक्का.३०-०६ च्या साधारण निम्मा. हे काडतूस १९५५ पासून आहे आणि जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतं. पण एल्कसारख्या घोड्याएवढ्या जनावरासाठी ते माझ्या मते कमी पडतं, कायद्यात बसलं तरी. कोलोराडोत एल्कला .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी ही खालची मर्यादा आहे. मर्यादेत बसणं वेगळं आणि जनावर वेदनेविना पडणं वेगळं. दोन्हीला चालेल अशी एकच रायफल हवी असेल, तर ७ एमएम-०८ रेमिंग्टन किंवा ६.५ क्रीडमूर या दोघांतली एक घ्यावी. माझा कल ७ एमएम-०८ कडे आहे, कारण जड गोळी घेऊनही धक्का आटोक्यात राहतो.

माप इथेही तेच. तिथल्या नेहमीच्या रायफलीची ट्रिगरपासून बटपर्यंतची लांबी साडेतेरा-पावणेचौदा इंच असते. पाच फूट दोन इंचांच्या मुलीला तेरा किंवा त्याहून थोडी कमी लागते. वेदरबी कंपनीने ‘कॅमिला’ नावाची रायफल मुद्दाम बायकांच्या मापाने काढली आहे. आखूड बट, बारीक ग्रिप, गालाला उंच आधार. तीच घ्या असं नाही, पण दुकानात एकदा ती खांद्याला लावून बघितली की बाकीच्या रायफलींत काय खटकतं ते लगेच समजतं. नेहमीच्या रायफलीचा बट कापूनही घेता येतो. दुर्बीण अशी बसवावी की डोळा तिच्यापासून साडेतीन इंचांच्या आसपास राहील. जवळ आली तर धक्क्याने भुवई फाटते.

आणि तिला सांगा, पहिल्या हजार गोळ्या .२२ मधून झाड. कानांवर संरक्षण, डोळ्यांवर चष्मा. जनावरासमोर जायच्या आधी शंभर यार्डांवर, बसून आणि गुडघ्यावर, पाचपैकी पाच गोळ्या एका बशीत पडल्या पाहिजेत. पडत नसतील तर त्या वर्षी जाऊ नये. हे मी फार मनापासून सांगते आहे.

देशी घेऊ की परदेशी?

वाल्थर, फाइनवर्कबाऊ, आनशुट्झ, स्टायर, पार्डिनी या कंपन्यांच्या स्पर्धेच्या रायफली उत्तम आहेत आणि त्यांची किंमत दोन-तीन लाखांच्या घरात आणि पुढेही जाते. आता प्रेसिहोलसारखी भारतीय कंपनीही दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफली बनवते, आणि त्या बऱ्याच स्वस्त पडतात. जिल्हा-राज्य पातळीपर्यंत त्यांनी काही अडत नाही. स्प्रिंगची, नळी खाली दुमडून भरायची एअर गन मात्र स्पर्धेसाठी घेऊ नका; तिचा पिस्टन झटका देतो आणि नेम हलतो.

वापरलेली रायफल घ्यावी का?

घ्यावी. पुण्यात मार्च ते जूनमध्ये चांगल्या रायफली विकायला निघतात, कारण दहावी-बारावीच्या वर्षात मुली खेळ सोडतात. मला त्याचं वाईट वाटतं, पण घेणारीला ती संधी असते. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती आधी बघा. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत नापास होतो, आणि २०० बार दाबाची वस्तू मुदतीबाहेर वापरायचीही नसते. नवा सिलिंडर स्वस्त नाही, तेव्हा ती किंमत भावात धरा. मग रायफल शिकंज्यात लावून दहा पेलेट, म्हणजे छर्रे, मारायला सांगा. एकाच भोकात सगळी गेली पाहिजेत. बटाचे, गालाच्या आधाराचे सगळे स्क्रू फिरवून बघा; वर्षानुवर्षं न हललेला स्क्रू गंजलेला असतो आणि नेमकं तुमचं माप तिथे अडतं.

पेलेट कोणते?

आधी मध्यम प्रतीचे. नेम स्थिर झाल्यावर ४.४९ आणि ४.५० अशी दोन-तीन मापं तुमच्या नळीत मारून बघा. दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे पुढे जाऊन हा फरक दिसतो. पहिल्या वर्षी दिसत नाही.

मी डावखुरी आहे. / माझा डावा डोळा जास्त चांगला आहे.

आधी कोणता डोळा हुकमी आहे ते बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानसं भोक करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो हुकमी. हात आणि डोळा एकाच बाजूचे असले की प्रश्न नाही. उलटे असतील तर नव्याने शिकणारीने डोळ्याच्या बाजूने मारावं, असं मी सांगते; हाताला सवय लागते. पण आधीच वर्षभर मारत असाल तर बाजू बदलू नका, दुसऱ्या डोळ्यासमोर ब्लाइंडर, म्हणजे आडोशाची पट्टी, लावा. तो डोळा मिटू मात्र नका, चेहरा ताणला जातो.

मी ३८ वर्षांची आहे, दोन मुलं आहेत. उशीर झाला का?

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, ५९७ गुणांनी जागतिक विक्रमाशी बरोबरी करून. पण ऑलिंपिकची त्यांची पहिली वेळ टोकियो होती, तेव्हा त्या चाळिशीत पोचल्या होत्या. हा खेळ उशिरा येणाऱ्यांना सांभाळून घेतो. चाळिशीत पुढची रिंग धूसर व्हायला लागते, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला त्या रिंगेएवढ्या लांबचं स्पष्ट दिसायला हवं आहे. वाचायचा चष्मा त्यासाठी उपयोगी नाही.

गरोदरपणात मारता येतं का?

लंडन २०१२ मध्ये मलेशियाच्या नूर सुरयानी तैबी आठव्या महिन्यात दहा मीटर एअर रायफल खेळल्या. म्हणजे अशक्य नाही. पण प्रत्येकीची तब्येत वेगळी, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. पेलेट शिशाचे असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि रेंजवर काही खाऊ नका. बंद रेंजमध्ये .२२ मारणं मात्र या काळात पूर्ण टाळा, धुरात शिसं असतं. बाळ अंगावर पीत असेपर्यंतही हेच पाळा.

मंगळसूत्र, बांगड्या, वेणी?

डाव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा, हातमोज्याखाली रुततात. मंगळसूत्राच्या वाट्या जॅकेटखाली छातीत दाबल्या जातात. लांब असेल तर मागे पाठीवर टाका. वेणी डाव्या बाजूला किंवा वर बांधा. बटाखाली केसांची बट आली की त्या शॉटला रायफल वेगळी बसते, आणि दुखतंही.

मुलगी दहा वर्षांची आहे. तिला आत्ताच घेऊ?

रायफल नको. आधाराच्या स्टँडवर, क्लबच्या हलक्या रायफलीवर आठवड्यातून दोनदा पुरे. पाठीचा कणा वाढत असतो आणि पोझिशनमध्ये तो एका बाजूला वाकतो. ज्या दिवशी मारेल त्या दिवशी दुसऱ्या बाजूचे व्यायाम आणि पोहणं जोडा. शालेय स्पर्धांत ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (भोकातून नेम) असे वेगळे गट असतात, तेव्हा शाळेतल्या शिक्षकांना विचारल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

पुढे .२२ कधी?

एअर रायफलवर राज्य पातळीचे गुण यायला लागले की. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, पालथं आणि उभं, प्रत्येकी २० शॉट्स असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे याच प्रकारात पॅरिस २०२४ ला कांस्यपदक जिंकले आणि त्यांची बरीच तयारी आपल्या बालेवाडीत झाली. त्यानंतर अनेक पालक मला थेट .२२ मागायला लागले. गोळ्यांचा खर्च, परवाना, वारा हे सगळं नवशिक्या मुलीच्या डोक्यावर एकदम घालू नका. स्पर्धांची शिडीही हळूहळूच चढायची असते: राज्याची कॅप्टन एझिकेल स्पर्धा, मग गणेश वासुदेव मावळंकरांच्या नावाची पूर्वराष्ट्रीय स्पर्धा, मग राष्ट्रीय. लोकसभेचे पहिले सभापती मावळंकर हेच राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक अध्यक्ष होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

घरी कुठे ठेवायची? पावसाळ्यात काय करायचं?

कुलपाच्या कपाटात, न भरलेली, पेलेट वेगळ्या जागी. पाहुण्यांच्या मुलांना दाखवायला काढू नका. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पंधरा दिवसांनी बदला. पावसात दुचाकीवरून आणलीत तर घरी आल्याबरोबर पेटी उघडून पंख्याखाली वाळवा, जॅकेट वेगळं टांगा. विमानाने जाताना सिलिंडर रिकामा करावा लागतो.

खंडेनवमीला पूजा जरूर करा, आम्हीही करतो. हळद-कुंकू मात्र पेटीला वाहा. कुंकवाचा बारीक कण ट्रिगरच्या यंत्रणेत गेला की तो काढायला कारागीर शोधावा लागतो.

पहिल्या दिवशी रेंजवर काय आणायचं?

सपाट तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचा जाडसर टी-शर्ट, केसांना रबर, पाण्याची बाटली. सकाळचा नाश्ता करून या, पण चहा-कॉफी निदान दोन तास आधी उरकून घ्या, नाहीतर हात थरथरतो. पहिल्या दिवशी पेलेट मारायला मिळणार नाही, रिकाम्या रायफलीने ड्राय फायर करायला लावू. तासभर काढून ठेवा.